दुसऱ्याच्या फॉर्मवरचं ‘नाही’

२ मार्च

बहात्तराव्या वर्षी माणसाचं रक्त आंबतं काय गं? तुमच्या रक्तपेढीच्या लोकांनी काल मला सगळ्यांदेखत बाकावरून उठवलं. आपल्या लाँड्रीच्या मागच्या हॉलमध्ये शिबिर होतं. बोर्डावर लिहिलेलं, उपाशी येऊ नका, म्हणून दोन घास जास्तच खाल्ले. तिन्ही इस्त्र्या बंद केल्या, दाराला पाटी लावली, ‘रक्त द्यायला गेले आहे, ओरडू नये’. आणि टेबलावरची ती पोरगी विचारते, आजी, वय? खोटं बोलायची सवय नाही, खरं सांगितलं. तर म्हणे पासष्टच्या पुढच्यांचं घेत नाही. मी म्हटलं, चादरींचं गाठोडं मी एका हातानं उचलते, तू दोन्ही हातांनी उचलून दाखव. ती हसली. मग मला कॉफी आणि बिस्किटं दिली. रक्त न देता बिस्किटं! खाल्ली, पण फुकटची वाटली.

टाचणे, बरी आहेस ना? आता विचारते.

तू रक्तपेढीत लागलीस तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले होते की लहानपणी टाचणीसारखी टोचणारी आमची नात आता पगार घेऊन टोचते. त्या मानाचं हे फळ. आणि एवढ्या चार इमारतींतून रक्त द्यायला आले किती? अकरा. माझा धाकटा, तुझा काका, एक्केचाळिसावं लागलं, दिवसभर बसमध्ये लोकांची तिकिटं तपासत फिरतो. तो हॉलच्या दारातून डोकावला आणि ‘ड्युटी आहे’ म्हणून सटकला. ड्युटी दुपारची होती.

तुझ्या साहेबांना विचार, वयाचा नियम कुणी केला, आणि त्याचं वय काय.

आजी


७ मार्च

आजी,

आधी नमस्कार, मग भांडण. तुझं रक्त आंबलेलं नाही. नियम तुझ्यासाठी आहे. शरीरातलं एवढं रक्त एका दमात गेलं की या वयात हृदयाला ते भरून काढायला जड जातं. तू टेबलाखाली पडली असतीस तर साहेबांनी मला नोकरीवरून काढलं असतं, आणि तू शुद्धीवर येऊन साहेबांना.

खरं सांगू? अकरा वाचून माझंच तोंड उतरलं. तुमच्याकडची शिबिरं याच वर्षी माझ्याकडे आली आहेत. रक्त कुठल्या कारखान्यात होत नाही, आजी. माणसानं माणसाला दिलं तरच असतं. आणि साठवून तरी किती ठेवणार? लाल पेशी फ्रीजमध्ये बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस, आणि तेही एका यंत्राच्या पाळण्यात सारख्या झुलवत ठेवल्या तर. सुट्ट्यांत कॉलेजं बंद झाली की आमचे कप्पे रिकामे होतात. मग पेशंटची माणसं घाबरीघुबरी होऊन ज्याला त्याला पकडून आणतात. तसं रक्त आम्हाला नको असतं. आपल्या पायांनी, आपल्या मनानं येतो त्याचं हवं असतं.

तुला देता येणार नाही, पण तुझं कोण ऐकत नाही? पुढचं शिबिर १९ एप्रिलला आहे.

एक काकाबद्दल. त्याच्या बसच्या ओळखपत्रावर मी रक्तगट वाचला होता, ओ निगेटिव्ह. फार थोड्यांचा असतो. गट तपासायलाही वेळ नसतो अशा घाईत तोच कुणालाही चालतो. मी त्याला दोनदा म्हटलं, तो हसून विषय बदलतो. सुईला घाबरत असेल.

तुझी टाचणी


१२ मार्च

टाचणे,

घाबरत असेल काय, घाबरतोच. लहानपणी दातवाल्याकडे नेलं तर खुर्चीखाली जाऊन बसला होता. पण आता एवढा घोडा झालाय. मी यादीत पहिलं नाव त्याचंच लिहिलं. त्याला विचारलं नाही. विचारलं की माणूस नाही म्हणतो.

मी कामाला लागले आहे. इस्त्री झालेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी टाचते. तिसरीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण लोक वाचतात, कारण खाली त्यांचे कपडे असतात. चिठ्ठीत लिहिते: ‘१९ एप्रिल, रविवार. खाऊन या. घाबरलात तर घरी बसा, मग मला तोंड दाखवू नका.’ व्यायामशाळेतला तो दणकट मास्तर चिठ्ठी वाचून म्हणाला, आजी, ही धमकी आहे. मी म्हटलं, तुला एवढे दंड दिलेत ते काय नुसते आरशाला दाखवायला?

बेकरीवाली येणार. प्लंबर आणि त्याचे दोघे भाऊ येणार. तिसऱ्या मजल्यावरचा वकील म्हणाला ‘बघतो’. मी त्याचा काळा कोट परत कपाटात टांगला आणि म्हटलं, मीही बघते.

शिवाय रक्त देणाऱ्याला एक जोड इस्त्री फुकट. कशी वाटली युक्ती? तुमच्या साहेबांना सुचली नसती.

आजी


१७ मार्च

आजी,

चिठ्ठ्या वाचून इथे सगळे खो खो हसले. साहेबही. पण फुकट इस्त्री बंद. आजच्या आज. मी गमतीनं सांगत नाहीये.

बक्षिसासाठी आलेला माणूस आपल्याला परत पाठवतील या भीतीनं काहीतरी लपवतो. रक्त घेतल्यावर आम्ही ते पाच-सहा रोगांसाठी तपासतो, पण यंत्राला सगळं कळत नाही. जे कळत नाही ते माणसानंच सांगायचं असतं. कावीळ झाली होती का, ताप येऊन गेला का, औषध चालू आहे का. त्याच्यासाठी तो लांबलचक फॉर्म असतो. बक्षिसासारखीच लाजही वाईट. ‘तोंड दाखवू नका’ ही ओळ खोडशील? ज्याला परत जायचंय त्याला मान वर करून परत जाता आलं पाहिजे.

आणि काकाला विचार. एकदा तरी.

टाचणी


२२ एप्रिल

टाचणे,

एक्केचाळीस! अकराचे एक्केचाळीस! बस खाली, उभ्यानं वाचू नकोस.

इस्त्री फुकट दिली नाही. खोडायची ती ओळही खोडली, पण तोवर सगळ्यांची वाचून झाली होती, त्याला मी काय करू. सकाळी आठाला हॉलच्या दारात रांग. बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्या निळ्या पाण्यात टाकतात ना, बुडला तर पास, तरंगला तर घरी जा. लोक त्याच्याभोवती शर्यत बघितल्यासारखे जमलेले. बेकरीवालीचा थेंब दगडासारखा खाली गेला, तर टाळ्या पडल्या. दणकट मास्तर बोटाला टोचतानाच आडवा झाला. दोघांनी उचलून गादीवर टाकला. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, सकाळी व्यायाम जास्त झाला. मी म्हटलं, बाळा, सुई आडवी होती का उभी ते तरी बघितलंस का?

तुमची ती टेबलावरची पोरगी एकटी आणि फॉर्म ढीगभर. लोक वाचत बसले तर संध्याकाळ झाली असती. मग मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि एकेकाचा फॉर्म मोठ्यानं वाचून भरून घ्यायला लागले. मला सगळ्यांचं माहीत असतं. निम्मी उत्तरं तर मीच सांगितली. काकाचं नाव पहिलं. वळून जाणार होता, मी सगळ्यांसमोर म्हटलं, आईचं रक्त चालत नाही, लेकाचं तरी चालू दे. बसला. पोरीनं विचारलं, कुठलं औषध चालू आहे? तो चाचरायला लागला. मी म्हटलं, अगं, याला सर्दीची गोळी घ्यायला चार वेळा सांगावं लागतं. लिही, नाही! लिहिलं. सुई टोचली तेव्हा डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. मला बरं वाटलं, तुला म्हणून सांगते.

आता हसायचं ऐक. काल काकाची गणवेशाची पँट धुवायला घेतली. पाणी लावण्याआधी खिसे तपासायचे आणि खिशातलं डब्यात ठेवायचं, तोंडातून काढायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. चाळीस वर्षांत मी कुणाच्या खिशातलं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर या गल्लीत दोन तरी संसार मोडले असते. पण पोटचा पोर काही गिऱ्हाईक नाही. तर खिशात निघाली गोळ्यांची पट्टी, अर्धी संपलेली. मला वाटलं, याला झालंय काय! धावत औषधाच्या दुकानात गेले. तर दुकानदार तोंड दाबून हसतो. म्हणे, केस गळू नयेत म्हणून असतात या! आमचा तिकीट तपासनीस टक्कल तपासतोय! मी इतकी हसले की बेकरीवालीला सांगितल्याशिवाय राहवेना.

काकाला म्हटलेलं नाही अजून. तू फोनवर चिडव, मजा येईल.

साहेबांना एक्केचाळीस सांग. मोठ्यानं सांग.

आजी


२६ एप्रिल

आजी,

काल तुझं पत्र वाचून मी काकाला लगेच का फोन केला, रक्तपेढीत एवढी धावाधाव का झाली, हे तुला सांगायचं राहिलं. आता सांगते. आधी हे, की काकाला काही झालेलं नाही. त्या गोळ्या वाईट नाहीत. पुष्कळ लोक घेतात.

पण त्या रक्तात उतरतात. ते रक्त गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. म्हणून ती गोळी घेणाऱ्यानं शेवटच्या गोळीनंतर महिनाभर तरी रक्त द्यायचं नसतं. आणि ही गोळी आमच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाही. ती पकडणारी एकच जागा आहे, फॉर्मवरचा तो प्रश्न.

त्या प्रश्नाचं ‘नाही’ काकाचं नव्हतं, आजी. तुझं होतं.

पिशवी फ्रीजमध्ये मिळाली. बाजूला काढली. कुणाला चढली नव्हती.

चाळीस वर्षांत तू कुणाच्या खिशातलं सांगितलं नाहीस म्हणतेस. मग तो फॉर्म काय होता? माणसाचा सगळ्यात आतला खिसा. तो तू भर हॉलमध्ये, रांगेसमोर उलटा केलास. मला सांग, त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर बोललं असतं का? बाकीच्या चाळीस जणांतले किती गप्प बसले, हे मला कसं कळणार? आम्ही कालपासून एकेकाला फोन करून पुन्हा विचारतोय. एकट्याला, हळू आवाजात. तोवर सगळ्या पिशव्या बाजूला ठेवल्या आहेत.

चूक एकट्या तुझी नाही. फॉर्म भरायला आडोसा ठेवायचं काम माझं होतं. टेबलावरच्या मुलीनं तुला उठवायला हवं होतं. ती म्हणाली, हिंमत झाली नाही.

टाचणी


१ मे

टाचणे,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. अक्षरं तीच होती.

मी काही मुद्दाम केलं नाही, हे आधी लिहून ठेवते. आता पुढचं.

तुझा फोन आला तेव्हा काका जेवत होता. एक हात ताटात, एका हातात फोन, आणि डोळे माझ्याकडे. तू पलीकडून काहीतरी विचारत होतीस आणि हा नुसता ‘हं’ म्हणत होता. मी म्हटलं, बोल की स्पष्ट, काय लपवतोस? फोन हातानं झाकून म्हणाला, आई, तू बाहेर जा.

आजवर त्यानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी जिन्यात जाऊन उभी राहिले, आपल्याच घराच्या बाहेर. पायात चपलाही नव्हत्या. वरून वकील उतरला, म्हणाला, आजी, किल्ली विसरलात का? मी म्हटलं, नाही, अक्कल.

आत हा तुझ्याशी पाच मिनिटं बोलत होता. माझ्याशी इतकं सलग कधी बोललाय ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, शिबिराहून घरी येताना जे कार्ड देतात, ‘काही आठवलं तर या नंबरवर कळवा’ म्हणून, त्यावर त्यानं दोनदा नंबर लावला होता आणि दोनदा ठेवून दिला. म्हटलं, का रे? तर म्हणे, पेढीवरून टाचणीला कळलं असतं, टाचणीकडून तुला, आणि तुझ्याकडून गल्लीला. त्यातलं शेवटचं तर मी आधीच करून बसले होते. सकाळी बेकरीत जाऊन सांगून आले, ती गोळ्यांची गोष्ट माझ्या मुलाची नाही, माझ्या तोंडाची आहे, आणि पुन्हा कुणी काढली तर त्याचे शर्ट घेणार नाही. ती म्हणाली, मी आत्तापर्यंत चौघांनाच सांगितलंय.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी सासू मला म्हणायची. तिचं आणि माझं कधी पटलं नाही. आता बरं झालं ती नाही.

ती पिशवी कुठे जाणार होती? खरं सांग. ‘फ्रीजमध्ये मिळाली’ हे तू दोन शब्दांत उरकलंस, आणि तू दोन शब्दांत काही उरकत नाहीस.

आजी


९ मे

आजी,

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

पिशवी फ्रीजमध्ये नव्हती. बर्फाच्या पेटीत होती. पेटी काउंटरवर, पेटीवर प्रसूतिगृहाची चिठ्ठी, आणि नेणारा माणूस दारात सही करत होता. घाईसाठी त्यांना ओ निगेटिव्ह लागतं, तेच आम्ही देतो. तुझं पत्र त्या दिवशी टपालात शेवटी होतं. मी जेवायला जाता जाता उघडलं.

त्या जागी दुसरी पिशवी गेली. आमच्या यादीतला एक रंगारी आहे, त्याचंही ओ निगेटिव्ह. दर तीन-चार महिन्यांनी न बोलावता येतो, फॉर्म एका कोपऱ्यात बसून भरतो, आणि दोनदा स्वतःच ‘या वेळी नको, औषध चालू आहे’ म्हणून परत गेलाय. त्याच दिवशी सकाळी त्याची पिशवी तपासून तयार झाली होती. ती त्या रात्री लागली. आई आणि मुलगा दोघं ठीक आहेत. मुलगा झाला हे प्रसूतिगृहानं सांगितलं तेव्हा कुठे मी दुपारचा डबा उघडला.

फोन करून झाले. एक्केचाळिसांत काका धरून तिघांच्या उत्तरांत बदल झाला. तिघांच्या पिशव्या टाकून दिल्या. अडतीस चांगल्या निघाल्या. अडतीस, आजी. तेही तूच आणलेस.

२ ऑगस्टला पुढचं शिबिर आहे. तू येशील का, आणि आलीस तर कशी, हे तू ठरव.

टाचणी


४ ऑगस्ट

टाचणे,

गेले. न जायला मी काय घाबरट आहे?

आधी गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांचं. या वेळी एवढंच लिहिलं: ‘२ ऑगस्ट, रविवार. यायचं त्यानं यावं.’ गिऱ्हाइकं म्हणाली, आजी, तब्येत बरी नाही का?

हॉलमध्ये आडोसा नव्हता, म्हणून मीच केला. लाँड्रीत कोट टांगायची लोखंडी चौकट आहे ना चाकांची, त्या दोन नेल्या आणि त्यांवर जाड चादरी सोडल्या, जमिनीपर्यंत, कडक इस्त्री करून. आत एक टेबल, दोन खुर्च्या, पेन. तुमची पोरगी मला बघून उठून उभीच राहिली. मी म्हटलं, बस बाई, मी बाहेर आहे. आणि बाहेर म्हणजे बाहेर, बिस्किटांच्या टेबलापाशी. तिथून आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी कान लावून बघितलं, म्हणून माहीत आहे.

चौतीस जण आत गेले. सत्तावीस जणांनी रक्त दिलं. सात जण चादरीमागून निघून सरळ घरी गेले. त्या सातांना मी बिस्किटं दिली आणि का म्हणून विचारलं नाही. तुला काय सांगू, जीभ अशी वळवळत होती तोंडात! वकील त्या सातांत होता. प्लंबरचा मधला भाऊ होता. का असेल, का असेल, असं मला परवापासून होतंय. पण विचारणार नाही. दणकट मास्तर या वेळी आडवा झाला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला आणि मोठमोठ्यानं आकडे मोजत राहिला. दोनशे तीनला पिशवी भरली. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्या मीही वाजवल्या, ते काही गुपित नव्हतं.

काकाला मी ये म्हटलं नव्हतं. यादीत नावही नव्हतं. त्याच्या पँटचे खिसे आता तोच तपासतो आणि मग टोपल्यात टाकतो, मे महिन्यापासून. गोळ्या घेतो की सोडल्या, मला माहीत नाही. अकरा वाजता दारात उभा दिसला. मी पेल्यांत कॉफी ओतत होते, ओतत राहिले. तो चादरीमागे गेला. बराच वेळ लागला. बाहेर आला तो खाटेकडे गेला, घराकडे नाही. मी पाठ फिरवली. हो, फिरवली, हसू नकोस. उठून टेबलाशी आला तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी होती, आणि त्यानं बाही लगेच खाली ओढली. मी त्याला दोन बिस्किटं दिली, तो म्हणाला, आई, तीन दे. तीन दिली. इतकंच बोलणं झालं, आणि मला ते पुष्कळ झालं.

काल रात्री त्यानं तुला काहीतरी लिहिलं. पाकीट माझ्यासमोर चिकटवलं आणि म्हणाला, तुझ्या पत्रात घाल. घातलंय. सत्तावीस पिशव्यांतली त्याची वापरायची की नाही ते लिहिलंय, पुढच्या वेळचं काही आहे की त्या बाळाबद्दल विचारलंय, देव जाणे. उजेडाला धरून बघितलं, कागद जाड आहे.

त्या पाकिटाचं उत्तर तू त्याच्या नावानं, बसच्या डेपोच्या पत्त्यावर पाठव. मला त्यातलं काही कळवायचं नाही. आणि या पत्राला तू उत्तर देऊ नकोस, तुझ्या साहेबांना द्यायला सांग: आडोसा सगळीकडे कधीपासून लावणार, तारीख घालून.

आजी